साहेबांकडे पाठ

धडगाव, २५ जानेवारी १९६१

आज तालमीत सगळं बिघडलं. उद्या झेंडावंदनाला शिक्षण खात्याचे साहेब येणार, माझ्या वर्गातल्या मुलींचा नाच आहे, आणि हेडमास्तरांना आजच सुचलं! "बाई, साहेबले पोरीस्नी पाठ दखाडशात का?" म्हणून मी गोल मोडला, मुलींना खुर्च्यांकडे तोंड करून ओळीत उभं केलं.

ढोल सुरू झाला, पण एकीचंही पाऊल नीट पडेना. जात्री तर रडायलाच लागली. "बाई, समोरचीचे पाय दिसत नाय." खरंच की! घरी होळीला या मुली गोलातच नाचतात, समोरचीकडे बघत शिकतात.

शेवटी म्हटलं, करा गोल. दटावायला म्हणून आत शिरले, ढोलवाल्याजवळ उभी राहिले, आणि दटावायचं राहूनच गेलं. इतके दिवस बाहेरून नुसत्या पाठीच बघत होते मी! आतून सगळे चेहरे दिसतात. जात्री हसत होती, डोळे अजून ओलेच.

पण हेडमास्तरांचं काय? पाठ, पाठ, पाठ... बिचाऱ्यांना साहेबांकडून शहाद्याची बदली हवीय.

ठरलं. गोल मोडायचा नाही. साहेबांची खुर्चीच मधोमध मांडते, ढोलाशेजारी.