देंगची बायको, देंगची मुलगी

९ जुलै २०११
शनिवार, तरी ओव्हरटाइम. माजोकचा देश आज स्वतंत्र झाला. आमच्या ईस्ट टामाकीच्या वेअरहाउसमधला हा फोर्कलिफ्टवाला बसला तरी उभाच वाटतो. लंचला दोन्ही हात शिंगांसारखे वळवून नाचला, डावा हात वाकवून. "भावाचा बैल असाच आहे." डिंका लोकांत प्रत्येक तरण्या पोराचा एक लाडका बैल, त्याच्यावर गाणी. भाऊ देंग तिकडेच, नाईलच्या दलदलीत गुरांमागे. कुठे पाणी संपतं, कुठे जमीन लागते, ते म्हणे गुरांनाच कळतं.

१२ फेब्रु. २०१४
तिकडे लढाई पेटलीय. देंग गुरं घेऊन दलदलीत शिरला तो बाहेर आलाच नाही. मा. सांगत होता, तिथे गवताची बेटं तरंगत सरकतात, गेलेली वाट मागे मिटून जाते. मी "चहा घेणार?" एवढंच विचारलं. मूर्ख मी.

३ ऑग. २०१५
मा.च्या आईचा फोन: देंग गेला असं धर, त्याच्या नावाने लग्न कर. तिकडची रीतच तशी, मेलेल्याचं नाव पुढे चालावं म्हणून: बायको देंगची, मुलं देंगची, आणि हा नुसता... वाक्य त्यानेच सोडलं. मी म्हटलं, आमच्याकडे बारा वर्षं वाट बघतात, मग दर्भाचा पुतळा करून जाळतात.
"जाळता? आम्ही त्याला घर करून देतो."
घरी नवऱ्याला, नि.ला, सांगितलं तर म्हणे, तुमचे लंच भारीच असतात.

१९ मार्च २०१६
लग्न झालं. मुलगी अबुक, त्यांच्यातलीच, इथे हेन्डरसन भागात राहणारी. देजाची गुरं तिकडे तिच्या माणसांकडे पोचती झाली. गाण्यांत नाव देंगचं. मा. नवरदेवाचा भाऊ असावा तसा बाजूला उभा. आहेच म्हणा. पण अबुककडे बघत होता ते भावासारखं नव्हे.

६ मे २०१७
मुलगी झाली, अयेन. नर्स म्हणाली, "काँग्रॅट्स, डॅड!"
"अंकल," मा.ने सांगितलं. बाळाला मात्र कोणाच्या हातात देईना.

२१ सप्टें. २०१८
मा.ने गाडीत व्हॉइसमेल ऐकवला. पाण्याचं डुबुक डुबुक, डासांची गुणगुण, आणि बैलाची घंटा. बोलत कोणीच नाही.
"देंगच्या बैलाची आहे. ती घडवली तेव्हा मी तिथेच बसलो होतो."
"बैल दुसऱ्याच कोणी नेला असेल."
"हो." मग तो मेसेज पुन्हा लावून, "आणि तोच असेल तर?"
भाऊ जिवंत म्हटल्यावर आनंद व्हायला हवा. हा घाबरला होता. देंग आला तर अबुक आणि अयेन त्याच्या. मीही घाबरले. त्या नंबरला परत फोन लागत नाही.

२४ नोव्हें. २०१९
मा.कडे बार्बेक्यू. गॅसचा, तरी मला सारखा गोवऱ्यांच्या धुराचा वास, मा. तिकडच्या गुरांच्या तळाचा सांगतो तसा. नि.ला येत नव्हता. अयेन लॉनवर एकटीच खेळत होती. अचानक तिने हात वर केले, डावा वाकवून.
"तू शिकवलंस?" मी मा.ला विचारलं.
"हिच्यासमोर मी कधीच नाचलो नाही."
अबुक म्हणाली, "मी तर तो बैल पाहिलेलासुद्धा नाही."
तेवढ्यात टेबलावरचा मा.चा फोन वाजला. तोच नंबर. आम्ही तिघं नुसते बघत राहिलो. अयेननेच पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत येऊन उचलला. घंटा मलाही ऐकू आली.
"डॅडी," ती म्हणाली. हा शब्द या घरात कोणी वापरत नाही.
मग फोन मा.पुढे धरला. "अंकल, फॉर यू."
आम्ही लवकर निघालो. गेटपाशी मागे वळून पाहिलं तर फोन त्याच्या कानाला होता. अयेनला दुसऱ्या हाताने घट्ट धरलं होतं.