चारी बाजूंनी काढलेली विहीर

बाई, तुम्ही आम्हाला महाडच्या शाळेत चित्रकला शिकवायचात तेव्हा पहिला धडा ब्रशचा नव्हता, कागद धरायचा होता. वर कुठलं आणि खाली कुठलं ते आधी ठरवा, आकाश वर, जमीन खाली, आणि नाव उजव्या कोपऱ्यात, म्हणजे तपासणारा चित्र उलटं धरणार नाही. माझ्या बाबतीत ही काळजी रास्त होती. सहावीत मी म्हैस काढली. तुम्ही कागद उभा धरलात, आडवा धरलात आणि शांतपणे म्हणालात, "हात राहू दे. जीभ चांगली चालते तुझी, ती वापर." वर्ग हसला. तास संपल्यावर तुम्ही तुमच्या रंगपेटीतली निळ्या रंगाची अर्धी वडी कागदात गुंडाळून माझ्या हातावर ठेवलीत. एकाच दिवशी ही दोन्ही कामं कशी करता येतात, ते मला अजून उमगलेलं नाही. जीभ मात्र वापरली. वर्तमानपत्रात लोकांची टिंगल करूनच मी पोट भरते. तुम्ही वेळेत देवाघरी गेलात, माझ्या तावडीतून सुटलात.

यंदा भातकापणी उरकल्यावर कापडे गावच्या शाळेतल्या एका रिकाम्या खोलीत उपक्रम सुरू झाला. मुंबईच्या एका संस्थेची मुलगी वीर स्टेशनला उतरून रिक्षा, मग एसटी करत यायची आणि बायकांना जमवून सांगायची, चित्र काढा आणि बोला. मी गेले ती लेखाला खमंग विषय मिळेल म्हणून. बायकांना बोला म्हणून सांगायला मुंबईहून माणूस यावा लागतो, हे वाक्य घरूनच करून नेलं होतं. ते वाया गेलं. वरच्या वाडीतल्या बायका एका भिंतीला टेकून बसलेल्या, बौद्धवाडीतल्या समोरच्या भिंतीला, मध्ये मांजरपाटाचं मोठं कापड अंथरलेलं, आणि कोणी अवाक्षर बोलत नव्हतं. शेवटी वरच्या वाडीतली सगळ्यात थोरली, जिला सगळ्याच काकी म्हणतात, ती पुढे सरकली. ब्रश बाजूला ठेवून तिनं बोटच रंगात बुडवलं आणि कापडाच्या मधोमध एक गोल काढला. "आदी हीर. पान्याबिगर गाव कसला?" समोरून बौद्धवाडीतली एक तरणी सून म्हणाली, "काकी, पायऱ्या आमच्या अंगाला हायत." त्या विहिरीवर एके काळी कोणी कोणाला लांब उभं केलं होतं, ते खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. काकी म्हणाली, "मंग काढ की गो. माजा हात पोचतोय का तितवर?"

तिनं काढल्या. त्यानंतर दर आठवड्याची ती दुपार मी चुकवली नाही. मागाहून आलेल्या बायका कापडाच्या उरलेल्या दोन कडांना बसल्या. जी पहिल्या दिवशी जिथं बसली तिथंच पुढेही बसायची आणि आपल्या मांडीपासून विहिरीकडे चित्र सरकवत न्यायची. अंगणात ठिपके टाकायला बसावं तसं. घरं, गोठे, भाताची उडवी, गॅस संपलेली चूल, मुंबईला गेलेला मुलगा फोनमध्ये बसलेला. "ह्यो तुजा नवरा का गो?" "बुजगावनं हाय ते." "तरीच. तुजा नवरा शेतात कदी दिसलाय?" तेव्हा दोन्ही भिंती एकदम हसल्या. मी लेखासाठी काही टिपून घ्यायचं विसरले.

प्रदर्शन महाडच्या एका हॉलमध्ये ठरलं. कापड भिंतीवर टांगलं आणि तुमचा पहिला धडा तिथं आडवा आला. एका बाजूचं गाव ताठ उभं, समोरचं गाव डोक्यावर, उरलेलं आडवं पडलेलं. मुंबईच्या मुलीचा चेहरा उतरला. मग तिला मार्ग सुचला. चार तुकडे करू, चार फ्रेम करू, छान दिसतील. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, फक्त कात्री विहिरीतून जाणार होती. ती तरणी सून हळूच म्हणाली, "म्हंजे आमचा तुकडा परत येगळा." काकीनं माझ्याकडे वळून पाहिलं. "पेपरात येवडं लिवतेस ना? मंग आता बोल की."

बाई, मी बोलले. म्हटलं, कात्री ठेव, बघणाऱ्यांना पाय आहेत. कापड खाली अंथरायचं, चपला बाहेर काढायच्या, भोवती फिरायचं. हॉलचे व्यवस्थापक अस्वस्थ झाले. "प्रमुख पाहुणे खाली वाकून बघणार?" मी विचारलं, "आजवर मान वर करून त्यांना काय दिसलं?" ते नमलेत असं वाटेना, तेव्हा मी माझा स्तंभ कुठल्या वारी छापून येतो तेवढं सहज सांगितलं. कापड खाली आलं, अखंड.

पाहुणे मोज्यांवर आले. कापडाच्या कडेला अडखळून त्यांनी विचारलं, "सुरुवात कुठून करायची?" काकी म्हणाली, "जितं उबं हायात तितनं. मंग फिरा." ते फिरले, आणि फिरता फिरता भाषण विसरले. ती तरणी सून आणि काकी कापडाच्या एकाच कडेला उभ्या होत्या. काकीला पहिल्यांदाच पायऱ्या सुलट दिसत होत्या. "बऱ्या काडल्यास," ती म्हणाली, "पन पाच जास्त झाल्या." त्यावरून दोघींची जी जुंपली ती परतीच्या एसटीतही संपली नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. त्या कापडावर विहिरीकडे निघालेली माझी एक निळी म्हैस आहे. बायकांनी तिला डुक्कर ठरवलं, मी दुरुस्त केलं नाही. तुम्ही मात्र कुठल्याही बाजूनं बघून तिला ओळखलं असतंत आणि पुन्हा म्हणाला असतात, हात राहू दे. उद्या दुपारी नवं कापड अंथरणार आहेत. माझी जागा काकीशेजारी आहे.