सायखेड्यातला अगर

१२ नोव्हेंबर
सायखेड्याला गेले. वाटेत द्वारका चौकातच निम्मा जीव गेला, इतकी गर्दी. नाना बांधावर उभेच. माझे धाकटे दीर. शेत तेच बघतात. "वहिनी, दादाची हौस झाली. आता ही अगराची झाडं काढू, द्राक्ष लावू." म्हटलं, आधी आत राळ धरली का ते तर पाहू. नसेल धरली तर काढा. बोलून बसले खरी. विजय गेला, त्यानं निवृत्तीनंतर लावलेली ही झाडं राहिली. एकेका रोपाला चुलीची राख घालत बसायचा.

१५ नोव्हें.
आज उगाच गुवाहाटी आठवत राहिली. एलटीसीवर गेलो होतो. अत्तरवाल्यानं निखाऱ्यावर अगराची कपची ठेवली आणि मी म्हटलं, अय्या, आमच्या शाळेच्या चॅपेलचा वास! झालं. आम्ही हिंदू मुली शेवटच्या बाकावर बसायचो. धूर वेण्यांत शिरायचा. घरी आई केस हुंगून म्हणायची, "आज प्रार्थना होती वाटतं."
तो धूप वेगळा, हा अगर वेगळा, हे नंतर विजयला कितीदा सांगितलं. ऐकेल तर शपथ. "तुझी शाळा शेतात लावतो," म्हणाला. लावलीच.

२० नोव्हें.
रोपवाटिकेची सायली तपासायला आली. गेल्या वर्षी खोडांना भोकं पाडून बुरशी धरवणारं औषध हिनंच सोडलं होतं. विजय शेजारी खुर्ची टाकून बसलेला, मधे मधे सूचना. बुरशी आत शिरली की झाड स्वतःला वाचवायला राळ धरतं, लाकूड काळं पडतं. तोच अगर.
गिरमिट फिरवलं. भुसा पांढरा शुभ्र. दुसऱ्या झाडाचा तसाच. तिसऱ्याचाही. मला बघवेना.
मग सायलीनं एक जुनं भोक खरवडलं. आतून निळसर खडूसारखं काही निघालं. तिनं नानांकडे पाहिलं.
"काका, हे काय?"
"बोर्डो पेस्ट."
"कुणी लावली?"
"मी. दुसऱ्याच दिवशी. एवढी भोकं पाडून गेलात, उघडी ठेवायची का? छाटणी झाली की द्राक्षाला लावतोच ना आम्ही. बुरशी शिरली असती!"
सायलीनं गिरमिट खाली ठेवलं. "काका, अहो, शिरावी म्हणूनच तर..."
मला हसू आवरेना. मग रडू. विजय असता तर नानांना जन्मभर चिडवलं असतं. जन्मभर म्हणजे...

२१ नोव्हें.
सकाळीच नानांचा फोन.
"वहिनी, मी काय वाईट म्हणून नाय केलं."
"ठाऊक आहे हो."
"तुम्ही म्हणाला होतात, राळ नसंल तर काढा."
"म्हणाले होते."
"ते आता धरता येत नाय. झाडांची परीक्षाच कुठं झाली? पुढची छाटणी येईस्तोवर थांबू. मग मात्र नाय हां."

४ डिसें.
नवी भोकं, नवं औषध. नाना मधूनच उठून द्राक्षात निघून गेले. म्हणाले, बघवत नाय. मी बसले, विजयच्या खुर्चीत नाही, तिच्या शेजारी. झाडांना लागत असेल का, असं सायलीला विचारलं. "लागल्याशिवाय होतच नाही, काकू." पोरगी सहज बोलून गेली.

२६ फेब्रु.
विहिरीकडच्या झाडाची शेंड्याची पानं पिवळी. सायलीला फोटो पाठवला. तिचा उलट फोन : "चांगलं लक्षण असेल काकू, झाड आतून झुंजतंय. आत्ताच सांगता येणार नाही." नानांना सांगितलं तर म्हणाले, "मरतंय ते, दुसरं काय." स्वर मात्र पूर्वीचा नव्हता.
खोडाला नाक लावून पाहिलं. ओल्या सालीचा वास. आणि आत खोल कुठेतरी चॅपेल... की माझ्याच मनाचं?
"नाना, तुम्ही बघा बरं."
त्यांनी टोपी काढली, खोडाला नाक लावलं. मग दुसऱ्या भोकापाशी वाकून पुन्हा लावलं.
"काय?"
"थांबा जरा," म्हणाले.