आप्पांची जेवणाची सुट्टी

सातपूर, नाशिक
२४ जुलै १९९७

ती. सौ. सुवर्णाताईस,
शि. सा. न. वि. वि.

कांद्यांचं पोतं पोचलं. कोंब आलेले निवडून पाठवलेस, अशी आप्पांची तक्रार आहे.

हसून घे, पुढचं हसण्यासारखं नाही. गेल्या महिन्यात आप्पांनी ओतकामाच्या साच्यासाठी पंपाच्या बॉडीचा सागवानी नमुना, पॅटर्न केला. लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न वाढीव खुणांच्या पट्टीनं मापायचा, हे तुलाही लहानपणापासून ठाऊक. आप्पांनी साधी पट्टी उचलली. फाउंड्रीत ओतलेले सगळे नग बारके निघाले. म्हाताऱ्याचा हात पुन्हा लागला तर काम दुसरीकडे देईन, असं पंपवाले रंगनाथशेठ बजावून गेले. आप्पांना मी फाउंड्रीचा घोळ म्हणून सांगितलं.

आता ते कारखान्यातून जेवायला घरी गेले, की मी त्यांचं काम मापतो. कमी पडलं तिथं पातळ फळी सरसानं चिकटवून, भुसा झाडून ठेवतो. ज्यांनी पटाशी धरायला शिकवलं, त्यांच्याच चुका चोरून काढतोय. लाज वाटते गं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
जीवन

देवळा
२ ऑगस्ट १९९७

चि. जीवन यास अनेक आशीर्वाद.

कांद्यांना नावं ठेवणाऱ्यांनी पुढच्या खेपेला मिठाशी भाकरी खावी!

अरे वेड्या, झाकून किती दिवस झाकशील? एखादं माप तुझ्या नजरेतून निसटलं, तर शेठ चारचौघांत आप्पांचा पाणउतारा करेल. त्यापेक्षा तू सांग. चिडतील, पटाशी फेकतील, पण घरच्याच तोंडून ऐकतील. तुझी जीभ रेटत नसेल, तर मी राखीला येते आणि सांगते.

जेवत जा वेळेवर.
तुझी ताई

सातपूर
९ ऑगस्ट १९९७

चि. सौ. सुवर्णास अनेक आशीर्वाद.

तू राखीला येणार हे सांगताना जीवनचं तोंड एवढंसं झालं. मला काय सांगायचं ठरलंय, ते तेव्हाच ओळखलं.

अगं, सकाळी मी केलेल्या कामावर दुपारी ओला सरस लागतो, ते माझ्या बोटांना कळणार नाही? पहिल्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगा माझी मापं काढतो! तणतणत मीच मापायला बसलो. कार्ट्याचं बरोबर होतं. फार भीती वाटली, सुवर्णा. आकडे दिसतात, पण हातात कुठली पट्टी घेतली तेच ध्यानात राहत नाही.

तेव्हापासून जेवायला वेळ लावतो. भाकरी संपली तरी ताटावर बसून राहतो. पोट बरं नाही का, म्हणून तुझी आई विचारते. त्याचं काम उरकायला नको का?

सोमवारपासून मी कारखान्यात जाणार नाही. गुडघे धरलेत म्हणून सांगणार आहे. तू आलीस की त्याच्यासमोर गुडघ्यांचंच विचार, जरा काळजीनं विचार. बापाला घरी बसवलं, असं पोराला वाटायला नको.

नातवंडांना आशीर्वाद. सांभाळून ये.
तुझे आप्पा