भाडं उतरलं की भुंकणारं कुत्रं

प्रिय लोवेल,

तुझं पत्र मिळालं. चार पानी, हातानं लिहिलेलं आणि साध्या नाही, रजिस्टर टपालानं पाठवलेलं, म्हणजे तू खरोखरच अडचणीत आहेस. आपल्या सगळ्या संसारात तू मला एवढं कधी लिहिलं नव्हतंस. मजकूर कळला. अलास्काच्या जहाजावरची व्हीलचेअरची केबिन मी घेतली, ती मी मुकाट्यानं सोडून द्यावी, कारण तुझ्या मार्लिसला हिमनदी बघायची आहे आणि डॉक्टर म्हणाले, जायचं तर याच उन्हाळ्यात जा, पुढचं काही सांगता येत नाही. व्हीलचेअर आत जाईल अशा केबिन त्या जहाजावर मोजक्याच, आणि बाकीच्या केव्हाच भरल्या. सगळं खरं आहे. केबिन माझ्याकडेच आहे. दुसऱ्या पानावर तू मला 'काळीज नसलेली बाई' म्हटलंस, तेही चष्मा पुसून दोनदा वाचलं.

केबिन सुटल्याचं मला कळलं कसं, हे तू स्वतःच शोधून काढलंस म्हणे. कॉम्प्युटरवरच्या तुझ्या त्या स्क्रिप्टमध्ये माझा ईमेल पत्ता अजून तसाच आहे. बायको बदललीस, घर बदललंस, समुद्रसुद्धा बदललास, राज्याच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर गेलास, पण ती एक ओळ पुसायची राहिली. आपल्या कॉलनीत तिला 'लोवेलचं कुत्रं' म्हणायचे, आठवतं? दर तासाला जहाज कंपनीच्या वेबसाइटवर जायचं, भाडं हुंगायचं, आधीपेक्षा कमी दिसलं की भुंकायचं. भुंकायचं म्हणजे आपल्या दोघांना मेल पाठवायचं. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर तू गॅरेजमध्ये बसून तेवढ्या चार ओळी लिहिल्यास आणि घरात पोर जन्मल्यासारखा लॅपटॉप काखेत घेऊन घरोघर दाखवत फिरलास. आपल्याला पोर नव्हतं, म्हणून मीही कौतुक केलं.

हा नाद इथल्या सगळ्याच म्हाताऱ्यांना आहे, त्याबद्दल मी तुला बोल लावत नाही. शेवटची रक्कम भरायच्या तारखेपर्यंत बुकिंग फुकट रद्द करता येतं आणि उतरलेल्या भाड्यात पुन्हा घेता येतं, मग कोण सोडेल? पण बाकीचे लोक एजंटला फोन करतात. एजंट केबिन हातची न सोडता नुसतं भाडं कमी करून देतो. तुला मात्र फोनवर ताटकळत ते टुणटुण संगीत ऐकणं कमीपणाचं वाटायचं. उभा जन्म टेलिफोन कंपनीत काढलेल्या माणसाला फोनचा एवढा तिटकारा का, हे मला कधी समजलं नाही. तू स्वतःच आधी रद्द करायचास आणि मग नव्यानं घ्यायचास, कारण कंपनी एका माणसाला एका सफरीत दोन केबिन धरू देत नाही. मधली काही मिनिटं केबिन कुणाचीच नसायची. मी म्हणायचे, अरे, तेवढ्यात कुणी उचलली तर? तू म्हणायचास, "नोरीन, तू कॉफी कर."

आपल्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची सफर तुला कशी आठवते, कोण जाणे. मला अशी आठवते: सुरुवातीला आपल्याकडे बाल्कनी होती. कुत्रं भुंकत गेलं आणि आपण खाली खाली उतरत गेलो. निघालो तेव्हा आपण नाचघराच्या बरोबर खाली होतो आणि आठवडाभर माझ्या डोक्यावर लोक टाचा आपटत होते. जेवणाच्या टेबलावर तू मात्र राजासारखा बसायचास. नॅपकिन मांडीवर पसरला की शेजारच्या जोडप्याला पहिला प्रश्न, "तुम्ही किती भरले?" त्यांनी आकडा सांगितला की तू आपला सांगायचास आणि त्यांचे चेहरे पडताना बघायचास. तुझी खरी सफर तीच असायची. मिनेसोटाची एक बाई होती, पहिल्यांदाच समुद्रावर आलेली, नवऱ्यानं तिच्यासाठी वर्षभर पैसे साठवलेले. तू तिला सांगितलंस की तुम्हाला लुबाडलं गेलंय. ती पुढच्या रात्रीपासून दुसऱ्या टेबलावर बसली. तू म्हणालास, "काही लोकांना सत्य झेपत नाही."

मार्लिस तेव्हा समोरच्या घरात राहायची. सकाळी पोहण्याच्या तलावात आम्ही दोघी कंबरभर पाण्यात हातपाय हलवायचो आणि तुझ्या नावानं खिदळायचो. हो, तुझ्याच. "माझा नवरा मेला हे एका परीनं बरं झालं, निदान भाडं बघत बसत नाही," असं ती म्हणायची. मग एक दिवस तू तिच्यासाठी कुत्र्याचं पिल्लू काढून दिलंस, म्हणजे स्क्रिप्टची प्रत, आणि ती चालवायला शिकवायला रोज दुपारी जायला लागलास. चार ओळी शिकायला तिला अख्खा हिवाळा लागला. तुमचं सामान घेऊन ट्रक निघाला तेव्हा मी खिडकीत होते. तू हात हलवलास, तिनं मान खाली घातली. तुझं जाणं मी पचवलं, लोवेल, खरं सांगायचं तर पहिल्याच आठवड्यात पचवलं, घरात किती शांत वाटलं! तिचं जाणं नाही पचलं. सकाळी तलावावर जायला मला दीड वर्ष लागलं. तिचा राग मी अजून तसाच ठेवलाय आणि त्यातला कणभरही कमी करायचा माझा विचार नाही.

तर ते मेल. तुम्ही गेल्यानंतरही चार वर्षं कुत्रं मला इमानेइतबारे कळवत राहिलं. तुम्ही कुठली सफर धरलीत, कधी निघणार, भाडं किती उतरलं, सगळं. मी ते बंद करू शकले असते. नाही केलं. तुम्ही पनामाला गेलात तेव्हा तिथलं हवामान मी रोज बघायचे आणि पाऊस दिसला की मला बरं वाटायचं. मग यंदा वसंतात एक मेल आलं: अलास्का, दोन माणसं, व्हीलचेअरची केबिन. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी कितीतरी वेळ त्या एका शब्दाकडे बघत बसले. व्हीलचेअर कुणासाठी, तुझ्यासाठी की तिच्यासाठी? मी प्रार्थना केली, कोणती ते विचारू नकोस. मग चर्चमधल्या बायकांकडून कळलं की तिला पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू गेली आणि बोलणंही अडखळतं. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले.

आता त्या सकाळबद्दल. कुत्रं भुंकलं. किती उतरलं होतं ते तुला ठाऊक आहे: तेवढ्यात आपलं दोघांचं साधं मासळीचं जेवणही झालं नसतं. माझ्या मनात आलं, एवढ्यासाठी नाही करणार. घरात आजारी बाई आहे, जहाजावर शेवटची केबिन आहे, एवढा गाढव तो नाही. तरी मी कंपनीचं पान उघडून बसले, कारण तुला मी ओळखते. 'शिल्लक नाही' असं लिहिलेलं होतं. मी पान पुन्हा उघडलं, पुन्हा उघडलं. आणि मग तिथे आलं, 'एक शिल्लक'. तू रद्द केलं होतंस! पूर्ण भाड्यात घेतली. दुसऱ्या आठवड्यात भाडं आणखी उतरलं, तुझ्याच कुत्र्यानं कळवलं. ते कमी करून घ्यायला मी फोनही केला नाही. जास्तीचे पैसे भरायला इतकी मजा येते हे मला माहीतच नव्हतं. तुझ्यामुळे उभ्या आयुष्यात ती चैन मला करता आली नव्हती.

तू लिहितोस की मी एका आजारी बाईच्या तोंडचा घास काढला. लोवेल, घास तू खाली ठेवलास. मी उचलला. तू हेही लिहितोस की वेबसाइटच बिघडलेली होती, आणि मार्लिसला तू तसंच सांगितलंयस. तिला ते पटलेलं नाही. हे मला कसं माहीत, असं तुझ्या मनात आलं असेल, तर आता खुर्ची ओढून बस.

मी केबिन घेतल्यावर तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. तू गवत कापत होतास, मागे यंत्राचा आवाज येत होता. पहिल्यांदा मला वाटलं कुणी दारू पिऊन बोलतंय, शब्द इतके ओढत होती. मग ती म्हणाली, "नोरीन, मी आहे. ठेवू नकोस." मी ठेवला नाही. तिला सगळं सांगायला फार वेळ लागला. त्या सकाळी तिनं तुझा हात धरला होता, उजव्या, चालत्या हातानं, आणि म्हणाली होती, राहू दे, मला केबिन आहे तेवढी पुरे, हात लावू नकोस. तू म्हणालास, "दोन मिनिटांचं काम आहे, बाळ." तिला बाळ म्हणतोस? मला कधी म्हणाला नाहीस, देवाची कृपा. मग तिनं विचारलं, "केबिन तूच घेतलीस ना? मेल तुझ्याकडेपण येतात, मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही." लोवेल, चार वर्षं तिला माहीत होतं! मी म्हटलं, "हो, मीच घेतली, आणि सोडणार नाही." ती म्हणाली, "सोडू नकोस. तो परत घालवेल." शेवटी मीच म्हटलं, "पलंग दोन आहेत, दुसरं नाव अजून घालायचंय." ती म्हणाली, "मला जहाजावरून ढकलून देणार नाहीस ना?" मी म्हटलं, हवा कशी आहे ते बघून ठरवू. तिचं हसणं मात्र अजून जसंच्या तसं आहे. मी हसले नाही. मी तिला सांगितलं, "मी तुला माफ केलेलं नाही आणि हिमनदी बघूनही करणार नाही." ती म्हणाली, "चालेल."

तेव्हा शुक्रवारपर्यंत तिचा पासपोर्ट, पंधरा दिवसांची औषधं आणि व्हीलचेअरचा चार्जर एका पिशवीत भरून ठेव. तिचा जाड स्वेटर विसरू नकोस, तिकडे गारठा असतो. मी गाडी घेऊन येईन, तू बाहेर आला नाहीस तर बरं. तू चार पानं लिहून माझ्याकडून केबिन मागितलीस, त्याला उत्तर द्यायची मला काही गरज नव्हती, मी ते पाकीट केराच्या डब्यात टाकून मोकळी झाले असते. हे पत्र लिहिलं ते मार्लिसनं सांगितलं म्हणून. मी म्हटलं, अगं, तो तुझ्या शेजारच्या खोलीत बसलाय, तूच का नाही सांगत? ती म्हणाली, "मी एकेक शब्द जुळवून बोलते, नोरीन. वाक्य पुरं होईपर्यंत तो थांबत नाही. तू लिही."

तुझीच, निदान तुझ्या मेलच्या यादीत,
नोरीन