गंधाचा डाग आणि सोलापुरी चादर

रांझी, जबलपूर
गुरुवार, दुपारची वामकुक्षी टाळून

तीर्थरूप भय्यासाहेबांच्या चरणी, आणि चरणांच्या वरच्या गुडघ्यांनाही (त्यांचं दुखणं आता कसं आहे?), धाकट्या रत्नाकरचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांगावा. त्यांनी पाठवलेल्या सांडग्या मिरच्या पोचल्या, आणि निम्म्या संपल्यासुद्धा. मोर्शीला संत्र्यांचा आंबिया बहर कसा आहे ते कळवावं. इकडे सर्व क्षेम आहे, आणि ते कसं झालं हे सांगण्यासाठीच हा कागद घेतला आहे. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही माझा फोन उचलत नाही. तो का उचलत नाही हे मला ठाऊक आहे आणि तुमचं काही चुकत नाही.

आमच्या केतनने आपल्या घरच्या ग्रुपवर स्वतःच्या लग्नाबद्दलचा तो मजकूर टाकला त्याच दिवशी तुम्ही ग्रुप सोडलात. 'लग्न दोन धर्मांचं आहे, कोणालाही अवघड वाटू नये म्हणून ज्येष्ठांनी गंध, माळ, टोपी वगैरे टाळावं ही नम्र विनंती.' आता आपल्या खानदानात गंध, माळ आणि टोपी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या अंगावर असतात. नाव घातलं नाही एवढीच काय ती नम्रता. पोराचाही फारसा दोष नाही. पुण्याच्या त्याच्या कंपनीत म्हणे एक बाई येऊन कोणाच्या भावना कशा दुखवायच्या नाहीत ते दिवसभर शिकवून गेल्या (दुपारचं जेवण कंपनीकडून). तेव्हापासून तो घरात पाऊल ठेवताना असा ठेवतो, जसं काही फरशीलाही भावना आहेत.

तर गेल्या रविवारी होणाऱ्या सुनेचे, एस्थरचे, आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे येणार होते. डॅनियल मसीह रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. ग्रेसबाई शाळेत शिकवतात. माणसं भली, असं केतन सांगत होता. त्याने सकाळपासून घराची झडती घेतली. दारावरचा गणपती उतरवला. दिनदर्शिका उलटी करून टांगली, त्यामुळे तारखा भिंतीला कळत होत्या, आम्हाला नाही. देवघर हलवता येईना (तुम्हीच सागवानाचं करून दिलं होतं, आठवतं ना), म्हणून त्यावर सोलापुरी चादर टाकली. मग तो माझ्या कपाळाकडे पाहू लागला. आंघोळीनंतर सहाणेवर चंदन उगाळून लावलेलं गंध मी कारखान्यात असतानाही पुसलं नाही, तिथल्या इंग्रजाळलेल्या साहेबासमोरही नाही. पोटच्या पोरासमोर पुसलं. भय्यासाहेब, खोटं कशाला बोलू, पुसताना वाईट वाटलं. पण लग्न मोडलं तर त्याहून वाईट वाटलं असतं.

पुसून काय झालं, तर काहीच नाही. जन्मभर उन्हातून सायकल हाणल्यामुळे कपाळ रापलेलं, आणि गंधाच्या जागी एक गोल, गोरा, लख्ख डाग. ग्रेसबाई आल्या आल्या तिकडेच पाहत बसल्या. शेवटी फार काळजीने विचारलं की भाजलं का, आणि एका मलमाचं नाव सांगितलं. मी ते लिहून घेतलं. दुसरं काय करणार?

त्यांनी खोव्याची जलेबी आणली होती, केतनच्या आईने, विनीताने, चिवडा केला होता, पण गप्पांचं गाडं हलेना. ते देवाचं नाव काढीनात, आम्ही काढीना. कोणाला शिंक आली तरी 'हरि हरि' म्हणायची चोरी. हवामान झालं, भेडाघाटची गर्दी झाली, पुन्हा हवामान झालं. तेवढ्यात विनीताने मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिचा चेहरा पडला होता. म्हणाली, "यांच्या गळ्यात साधा क्रूस नाही, खाताना हात जोडले नाही. हे लोक काहीच मानत नाहीत काय? काहून असं? अशा घरची पोरगी आणून राहिलो आपण?"  बाहेर येऊन पाहतो तर डॅनियलसाहेबही केतनला खिडकीजवळ नेऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होते, आणि केतनचा चेहराही पडलेला. लग्न त्या दोन पडलेल्या चेहऱ्यांच्या मधे कुठेतरी लोंबकळत होतं.

आणि अशात दिवेलागण झाली. आता विनीताचं तुम्हाला ठाऊक आहे. घरात पूर आला तरी ती सांजवात चुकवणार नाही. ती गुपचूप चादरीखाली शिरली. पाहुण्यांना फक्त चादर हलताना आणि खालून तिच्या साडीचे काठ दिसत होते. मी म्हटलं, "वो... स्टोअर रूम है।" निरांजन लावून ती थांबली असती तर निभावलं असतं, पण सवयीने उदबत्तीही लावली. थोड्या वेळाने खोलीभर मोगऱ्याचा वास, आणि त्यात कापूस जळाल्याचा. चादरीच्या कडेला धूर.

रेल्वेतला माणूस तो. आम्ही एकमेकांकडे पाहत असताना डॅनियलसाहेब उठले, एका झटक्यात चादर ओढली आणि पायाखाली तुडवली. समोर आपलं अख्खं देवघर: गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, रेणुकेचा टाक, सगळे जण उजेडात. केतनने डोळे मिटले. आणि डॅनियलसाहेबांनी, काही विचार न करता, मान झुकवली. त्यांचा हात गळ्याशी गेला, तिथे काही सापडेना, तसाच चाचपडत राहिला. मग ग्रेसबाईंनी पर्स उघडली, रुमालात बांधलेला चांदीचा क्रूस काढला आणि त्यांच्या गळ्यात घातला. साहेब म्हणाले, "सुबह से गला खाली-खाली लग रहा था। भाई साहब, हम तो डर गए थे, बेटी ऐसे घर जा रही है जहाँ कोई किसी को मानता ही नहीं।"

विनीता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी आत जाऊन चंदन उगाळलं, गंध लावून आलो. ग्रेसबाई म्हणाल्या, "अच्छा, तो ये वो है," आणि मलम रद्द केलं. त्यानंतर जेवायला बसलो. त्यांनी त्यांची प्रार्थना म्हटली, आम्ही 'वदनि कवळ घेता' म्हटलं, आणि भात थंड झाला. फार बरं वाटलं. लग्न ठरलं आहे.

वहिनींना नमस्कार (पुन्हा), तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

आपला,
रत्नाकर

ता. क. चादर वहिनींनीच आहेरात दिलेली होती. त्यांना सांगू नये.

ता. क. २. खरं काम राहिलंच. नवरदेवाच्या कपाळी गंध घरातल्या थोरल्याने लावायचं, ही आपली रीत. मी केतनला म्हटलं, मी लावतो. तो खाली मान घालून म्हणाला, "मोठ्या काकांच्याच हाताने पाहिजे, बाबा. ते येतील का?" तुम्हाला फोन करायची त्याला हिंमत होत नाही, म्हणून हे पत्र. गंध, माळ, टोपी, सगळं घालून या. सहाण तुमचीच आणा.

ता. क. ३. केतन म्हणतो, फोटोसाठी गंध लहान असावं. विनीता म्हणते, मोठं. तुम्ही कोणाचंच ऐकत नाही, म्हणून मी काहीच म्हणत नाही.