उभं राखा, आनंदराव!

वासणा रोड, बडोदे
धोंड्याचा महिना, तिथी नलिनीला माहीत

रा. रा. गोविंदराव यांसी,

रमाकांतचा सप्रेम नमस्कार. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा. आपले गुडघे जिना चढताना दुखतात की उतरताना, हे मागच्या भेटीत विचारायचे राहून गेले. माझे दोन्ही वेळा दुखतात. बाकी इकडील सर्व क्षेम, असे लिहिणार होतो, पण मोहनाने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकल्यामुळे आता ते लिहिण्यात अर्थ उरला नाही. त्यात मी हातवारे करून ओरडतो आहे, आपले चिरंजीव आंब्याच्या पानांनी झाकले गेले आहेत, आणि मागे कुणीतरी खदाखदा हसते आहे (ती नलिनी). त्यावर आपण नुसता एक अंगठा पाठवलात. व्याह्यांचा अंगठा कसा वाचायचा हे मला कुणी शिकवलेले नाही, म्हणून सविस्तर खुलासा करतो. फोनच केला असता, पण आमच्या घरी फोनवर दोघे बोलतात आणि तिसरी ऐकते.

त्याचे असे झाले. जावयाला धोंड्याचे वाण द्यायचे, तर नलिनीचे मन चांदीच्या निरांजनावर होते. माझी अडचण वेगळी होती. मोहनाच्या लग्नाला तीन वर्षे झाली, पण आम्हा सासरे-जावयांचे बोलणे ‘मजेत?’ ‘मजेत’ याच्या पुढे सरकले नव्हते. (एकदा पावसाविषयी बोललो होतो, पण तेव्हा पाऊस खरेच पडत होता.) एकुलता एक जावई घरी यावा आणि आम्ही दोघांनी जेवताना मिठाकडे बघत बसावे, हे मला फार लागत होते. निरांजनावर किती बोलणार? म्हणून मी रिमोटवर उडणारे विमान आणले. पोरांचे खेळणे नव्हे हो, खऱ्या इंधनावर चालणारे इंजिन असलेले. तेहतीस अनारशांच्या मधोमध ते ताटात ठेवले, तेव्हापासून दोन दिवस नलिनी माझ्याशीही ‘मजेत’च्या पुढे बोलली नाही.

इंजिनाला मी भिणारा माणूस नाही. उभा जन्म रिफायनरीत गेला, तोही शटडाउनच्या कामात. अख्खा प्लांट सुरळीत बंद करणाऱ्याला वीतभर इंजिन ते काय! वासण्याच्या पुढे मोकळे मैदान आहे, तिथे गेलो. पहिल्या दिवशी विमान नुसते जमिनीवर फिरवायचे, उडवायचे नाही, असे ठरले होते. रिमोट आनंदरावांकडे, सूचना माझ्याकडे. विमान सुसाट बांधाकडे निघाले, तसा मी ओरडलो, “उभं राखा! आनंदराव, उभं राखा!”

आता यात माझे काय चुकले? आमच्या बडोद्यात रिक्षा उभी राखतात, स्कूटर उभी राखतात, बोलणारा थांबत नसेल तर त्यालाही उभा राखतात. पिढ्यान् पिढ्या गुजरातीच्या शेजारात काढल्यावर आमचा मराठी माणूस काही ‘थांबवत’ नाही. पण आपले चिरंजीव पडले पुण्याचे. सासरे उभं म्हणतात ना, मग उभं! त्यांनी रिमोटची काठी पोटाशी ओढली आणि विमानाने जमीन सोडली, ते नाक आभाळाकडे करून सरळ वर. मी आणखी जोरात ओरडलो, “अहो, उभं राखा!”

ते कळवळून म्हणाले, “याहून उभं होत नाहीये, बाबा!”

(तीन वर्षांत पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाले, गोविंदराव. त्या गोंधळातही ते मला नीट ऐकू आले.)

वर जाऊन विमानाचा जोर संपला आणि ते शेपटीकडून घसरत आंब्याच्या झाडात येऊन बसले, हाताला लागेल अशा फांदीवर. इंजिन मात्र चालूच. आनंदरावांनी वेगाची दुसरी काठी खाली आणली, तर आवाज लहान झाला, पण बंद होईना. नुसते गुरगुरत पाने कातरत होते आणि ती आपल्या चिरंजीवांच्या डोक्यावर पडत होती. रस्त्याने जाणारा एक दूधवाला मोटारसायकल उभी राखून म्हणाला, “काका, आ विमान छे के केरी पाडवानुं मशीन?” प्रश्न रास्त होता, नलिनीच्या पदरात तोवर बऱ्याच कैऱ्या जमल्या होत्या.

शेवटी मला माझी नोकरी आठवली. कुठलेही यंत्र उपाशी ठेवले की गप्प बसते. आनंदरावांनी पंख घट्ट धरले, मी पात्याच्या मागच्या बाजूने हात घालून इंधनाची रबरी नळी चिमटीत दाबली. विझण्यापूर्वी दिवा मोठा होतो तसे ते एकदा किंचाळले आणि बंद पडले. आम्ही एकमेकांकडे पाहिले, आणि मग दोघेही पोट धरून हसत सुटलो. मला फार बरे वाटले. पुढे त्यांनी शोधून काढले की त्या काठीशेजारी एक बारकी पट्टी असते, तीही पार खाली ओढली की इंजिन मुकाट बंद होते. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिले आहे म्हणे. मी पुस्तिका वाचत नाही. मी त्या लिहीत असे.

तर एका पंखाखेरीज कुणाला काही इजा नाही. काळजी नसावी.

आपला,
रमाकांत

ता. क. नलिनी पाठीशी उभी राहून सांगते आहे ते लिहितो. धोंडा संपत आला, मोहना सुट्टी संपवून पुण्याला पोचलीसुद्धा, पण जावईबापू निघायचे नाव घेत नाहीत. त्यांचे वर्क फ्रॉम होम आहे, आणि होम कुणाचे याला बंधन नाही. जेवणाच्या टेबलावर विमानाचा चिकटवलेला पंख वाळत पडला आहे आणि आम्ही ताटे मांडीवर घेऊन जेवतो. तरी काहीतरी निमित्त काढून त्यांना बोलावून घ्यावे. विमानाचे इंजिन कसे बंद होते ते आम्हाला कळले. आपल्या चिरंजीवांचे कसे होते, ते आपणच जाणता.

ता. क. २. नलिनी त्याच कैऱ्यांच्या छुंद्याची बरणी गच्चीत उन्हात ठेवायला गेली आहे, म्हणून घाईघाईने लिहितो. पंख रविवारपर्यंत वाळेल. तोवर आनंदरावांना बोलावणे कृपा करून उभे राखावे. अर्थ बडोद्याचा घ्यावा.